मोडलेल्या मांडीचं म्हणणं

मी कौसल्याच्या उजव्या मांडीचं हाड बोलतोय. गोड बोलणार नाही, आधीच सांगतो.

पडघ्याजवळच्या एका खेड्यात मी तिच्याबरोबर वाढलो. डोक्यावर हंडा घेऊन ती बांधावरून धावायची तेव्हा सगळा भार माझ्यावर असायचा, आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. लग्न होऊन ती भिवंडीत आली. नवरा तुळशीराम लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला. ती धामणकर नाक्याजवळच्या एका कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरायला जायची. दिवसभर उभी. तरी मी कुरकुरलो नाही.

बिघाड माझ्यात नव्हताच. तो गळ्यात होता. तिथे चार बारक्या ग्रंथी असतात, डाळीच्या दाण्याएवढ्या. रक्तात कॅल्शियम किती ठेवायचं, फॉस्फरस किती बाहेर टाकायचा, हे त्या ठरवतात. त्यांतली एक सुजून जांभळाएवढी झाली आणि थांबायचं विसरली. रात्रंदिवस ती माझ्यातलं कॅल्शियम ओढून रक्तात ओतायची. फॉस्फरस लघवीवाटे वाहून जायचा. मी आतून पोखरला गेलो.

कौसल्याला चालवेना. तहान भागेना, अन्न जाईना, बोलता बोलता शब्द विसरायची.

"कामाच्या टायमालाच बरं हिचं पाय दुखतात," सासू धोंडूबाई म्हणायची. "नाटकं हायेत सगळी."

तुळशीराम गप्प बसायचा. त्याच्या गप्प बसण्याचा मला सासूच्या बोलण्याहून जास्त राग आहे.

शेवटी त्याने तिला नाक्यावरच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने तिच्याकडे नीट बघितलंही नाही. "हाडं कमजोर झालीयत. ड जीवनसत्त्वाची सुई घ्या." सुई दिली. बरं वाटेना म्हणून परत गेली, तर परत दिली. मग आणखी एकदा. रक्त तपासायचं त्याच्या मनातही आलं नाही. त्या सुईने अन्नातलं कॅल्शियम आणखी शोषलं जायचं, पण माझ्यापर्यंत येऊन टिकायचं नाही. आधीच भरलेल्या रक्तात भर पडायची. तिला उलट्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाला, "पित्त आहे."

आणि एके दिवशी कारखान्याच्या पायरीवरून उतरताना मी मोडलो. ती पडली म्हणून मी मोडलो नाही; मी मोडलो म्हणून ती पडली.

"एवढ्याशा पायरीनं हाड मोडतं काय?" निरोप मिळून आलेल्या तुळशीरामने विचारलं. जमिनीवर विव्हळणाऱ्या बायकोला हे विचारलं! मग तो तिला तिच्या बहिणीकडे, मंदाकडे सोडून आला. "बरी झाली की पाठव," म्हणाला.

मंदा भिवंडीतच एका शाळेत शिपाई होती. तिने रजा टाकली, टेम्पो केला आणि बहिणीला मुंबईच्या सरकारी इस्पितळात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझा फोटो उजेडासमोर धरला. मी जाळीसारखा दिसत होतो. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. कॅल्शियम भलतंच चढलेलं, फॉस्फरस खाली गेलेला.

"ड जीवनसत्त्वाची सुई आधी बंद," बाई म्हणाल्या.

"पण ती हाडांचीच सुई हाय ना?" मंदाने विचारलं.

"हाडांचीच आहे. पण यांच्या रक्तात कॅल्शियम आधीच उतू चाललंय. रक्त न बघता सुई दिली कुणी?"

कौसल्या छताकडे बघत होती. "मी सांगत व्हते," ती म्हणाली. "सगळ्यांना सांगत व्हते."

सलाइन लावून कॅल्शियम खाली आणलं, गळ्याचं ऑपरेशन झालं, ती ग्रंथी निघाली. त्यानंतर मात्र मी स्वतः हावरटासारखा वागलो. इतका उपाशी होतो की रक्तातलं कॅल्शियम भराभर ओढून घेतलं. तिच्या ओठांना मुंग्या आल्या, बोटं आखडली. बाईंनी शिरेतून कॅल्शियम दिलं आणि ड जीवनसत्त्वही सुरू केलं. होय, तेच. आता ते औषध होतं, कारण आता रक्तातलं कॅल्शियम उतरलं होतं आणि रोज रक्त तपासून देत होते.

मी सांधलो, पण जरा वाकडा.

ती काठी टाकून चालायला लागल्यावर तुळशीराम मंदाच्या दारात आला. "चल घरी. आयेला काम व्हत न्हाय आता."

"मी दुखतंय म्हणत व्हते, तवा तुमी काय म्हणलात?"

"काय न्हाय म्हणलो मी."

"त्येच," कौसल्या म्हणाली. "काय न्हाय म्हणलात."

"सोड ना आता. झालं गेलं."

"न्हाय सोडत."

भिंतीचा आधार न घेता ती उठली आणि तिने दार लावून घेतलं. तिचा सगळा भार माझ्यावर होता. मी हललो नाही.

त्याला आता काही वर्षं झाली. कौसल्या लंगडते. मंदाकडेच राहते, कारखान्यात आता स्टुलावर बसून कांड्या भरते, गोळ्या घेते, सांगतील तेव्हा रक्त तपासून येते. नाक्यावरच्या त्या दवाखान्यात अजून बायकांची रांग असते, आणि तिथून जाताना ती माझ्यावर मुद्दाम जोर देऊन पाय आपटते.

तुमच्या घरात कुणी दुखतंय म्हणत असेल, तर आधी ऐका. मग रक्त तपासा. सुई त्यानंतर. एवढं साधं सांगायला मला मोडावं लागलं, याचीच मला चीड आहे.

आता कारखान्याचा भोंगा होईल, ती उठतेय. बाजूला व्हा, तिला जाऊ द्या.