बारा-तेराचा कप्पा

मी थैली आहे, हत्यारांची. जाड खाकी कॅनव्हासची, गुंडाळून दोन नाड्यांनी बांधायची. बोलते जरा हळू, कारण माझं निम्मं आयुष्य जीपच्या मागच्या सीटखाली अर्धवट झोपेत गेलंय. त्यामुळे काही गोष्टी मला पाहिल्यासारख्या आठवतात आणि काही स्वप्नात आल्यासारख्या. पण आज जे सांगणार आहे ते मी टक्क जागी असताना पाहिलेलं आहे.

आधीच्या जन्मी मी याच जीपचं छत होते. माझ्या एका बाजूला आभाळ आणि दुसऱ्या बाजूला माणसांची डोकी. घारी दिसायच्या, आंब्याच्या फांद्या अंगावरून हात फिरवून जायच्या. मग कडेकडेने विरत गेले, फाटले. जीपचे मालक नंदकिशोर मला घडी करून चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये घेऊन गेले. तिथे एका गाळ्यात मधुकर गाड्यांची हूडं आणि सीटकव्हरं शिवतो.

"टाकून दे रे नंद्या," मधुकर म्हणाला, "जाळी झालीय याची."

"मधला तुकडा बघ ना. झकास आहे अजून. त्याची थैली शीव मला."

नंदकिशोरांनी एकेक हत्यार माझ्यावर ठेवून खडूने त्याची कड आखली. मधुकरने त्या आखणीवर शिलाई मारली. अशी मी चौदा कप्प्यांची झाले. आभाळ गेलं याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण कुणाच्या तरी इतक्या उपयोगाचं होण्यातही सुख असतं.

नंदकिशोर पूर्वी लेथवर काम करायचे, आता निवृत्त आहेत. चारकोपच्या एका सेक्टरमध्ये तळमजल्यावर घर. बायको जयंती, आणि मुलगी अबोली, जी नोकरी करते आणि बापाच्या हाताखाली जीप शिकलीय. रविवारी बापलेक डोंगराच्या कच्च्या वाटांवर जायचे. अशा वाटेवर गाडी बंद पडली तर मेकॅनिक कुठून येणार? जे थैलीत असेल तेच आपलं.

म्हणून मला भरणं हा शनिवारचा मोठा कार्यक्रम असे. नंदकिशोरांचा नियम कडक होता. जे हत्यार घरच्या आवारात गाडीला लावून पाहिलेलं नाही, ते थैलीत जायचं नाही. पाना नवा असो नाहीतर जुना, आधी त्याने बोल्ट उघडून दाखवायचा. जड वस्तू खाली. जादा फॅनबेल्ट, पाण्याच्या नळीचे क्लॅम्प, बाइंडिंग वायर, पंक्चरचं सामान. टाकीला बारीक चीर पडली तर चोळायला साबणाची वडी. मग पाने, आकाराच्या क्रमाने. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा, असं ते आरती म्हटल्यासारखं चालीत म्हणत आणि मला गुंगी यायची. शेवटी मला गुंडाळून कानाशी धरून हलवायचे. काहीही वाजता कामा नये. वाजणारी थैली म्हणजे घाईत भरलेली थैली, असं ते अबोलीला सांगत.

त्यातला बारा-तेराचा पाना त्यांच्या वडिलांचा. वडील कोकणातून येऊन गिरणीत फिटर झाले होते. पान्यावर त्यांचा गिरणीतला नंबर ठोकलेला आहे. तो पाना माझ्या दुसऱ्या कप्प्यात असायचा आणि इतर सगळ्यांपेक्षा गार लागायचा. का ते मला माहीत नाही.

दोन वर्षांपूर्वीपासून नंदकिशोर विसरायला लागले. आधी नावं. मग एकदा भाजी घेऊन परतताना शेजारच्याच सेक्टरमध्ये गेले, कारण तिथल्या इमारती आपल्यासारख्याच दिसतात. परक्या दाराला किल्ली लावत बसले होते. त्या संध्याकाळी ते जीपजवळ बसले आणि अबोलीला म्हणाले, "घरातलं विसरलो तर विसरलो गं. पण ज्या दिवशी थैली भरताना चुकलो ना, त्या दिवसापासून गाडीला हात लावणार नाही. डोंगरात माणसाचा जीव असतो तिच्यावर."

अबोली हसण्यावारी न्यायला गेली, पण तिचं हसू काही नीट उमटलं नाही. मी सीटखाली होते. मलाच भीती वाटली.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी आम्हाला सुट्टी. माझ्यातली सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडली, प्रत्येकाला हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल वाहिलं. मी पाटाशेजारी अंग सैल सोडून पडले होते. वर्षातून एक दिवस रिकामं असणं मला फार आवडतं. अगरबत्तीच्या धुरात मला परत आभाळ दिसल्यासारखं झालं.

दसऱ्याच्या संध्याकाळी नंदकिशोर जेवणाच्या टेबलावर मला पुन्हा भरायला बसले. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं. सगळं क्रमाने आत गेलं. मग त्यांना दिसलं, की वडिलांच्या पान्यावर तेल आणि कुंकू मिळून चिकटा झालाय. त्यांनी तो बाहेर काढला आणि स्वयंपाकघरात पुसायला नेला. चार पावलांवर तर स्वयंपाकघर. कुंकू पुसून झालं, तेल अजून राहिलं होतं, एवढ्यात बेल वाजली. शेजारचे सोनं द्यायला आले होते. नंदकिशोरांनी हातातला पाना समोरच्या उघड्या कप्प्यात, चमच्यांमध्ये ठेवला, कप्पा लोटला आणि आपट्याची पानं घ्यायला बाहेर आले. गप्पा झाल्या, श्रीखंड झालं. मग त्यांनी मला गुंडाळलं, बांधलं, कानाशी धरून हलवलं.

काही वाजलं नाही. रिकामा कप्पा वाजत नाही हो.

किती ओरडावंसं वाटलं मला! पण कॅनव्हासला कुठला आवाज? त्यांनी मला थोपटलं आणि जीपमध्ये नेऊन ठेवलं.

वज्रेश्वरीच्या पलीकडे एक कच्ची वाट टेकडीवर चढते. पावसात रुतलेली चाकोरी उन्हाने वाळून कडक झाली होती. भात पिवळं पडलेलं, गवत माणसाच्या कमरेपर्यंत. गाडीच्या डोलण्याने मला झोप लागत होती. चढाच्या मध्यावर फाट्कन आवाज आला आणि पाण्याची वाफ उसळली. फॅनबेल्ट तुटला होता.

"नो टेन्शन," अबोली म्हणाली, "जादा बेल्ट आहे ना बाबा. दहा मिनिटांचं काम."

"बारा-तेरा दे," नंदकिशोर म्हणाले.

अबोलीचं बोट माझ्या दुसऱ्या कप्प्यात गेलं आणि तिथेच थांबलं.

त्यांनी मला बॉनेटवर पसरलं. सगळे चौदा कप्पे तपासले, दोनदा. बाकीच्या पान्यांनी प्रयत्न केला, पण त्या सांध्यात दुसरा पाना बसेना. पकडीने बोल्टच्या कडाच सोलायला लागल्या.

"राहू दे," नंदकिशोर म्हणाले. "मी विसरलो."

"अरे, होतं असं बाबा..."

"अबोली. मी विसरलो."

पुढे अबोलीने गाडी उतारावर वळवली. पाच मिनिटं चालवायची, इंजिन गार व्हायला वीस मिनिटं थांबायचं. वाट खूप लांबली. प्रत्येक थांब्याला वारा सुटायचा, गवत एका अंगाला झुकायचं, आणि सगळं कसं शांत, सुंदर होतं. नंदकिशोर मला मांडीवर घेऊन बसले होते. त्यांचा अंगठा त्या रिकाम्या कप्प्याच्या शिलाईवरून परत परत फिरत होता. खाली गावात एका ट्रॅक्टरवाल्याने पाना दिला आणि बेल्ट बसला. त्याचे आभार अबोलीने मानले. नंदकिशोर गाडीतून उतरले नाहीत.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि किल्ली अबोलीच्या हातात दिली.

"जीप आता तुझी. थैली पण तूच भर. मला विचारू नकोस."

"काय झालं?" जयंतीने विचारलं. अबोलीने थोडक्यात सांगितलं.  जयंती स्वयंपाकघरात गेली.

टेबलावरून मला सगळं दिसत होतं. तिने चमच्यांचा कप्पा उघडला. तिला शोधावं लागलं नाही. सकाळीच तिला पाना तिथे दिसला असणार. डोंगरात फोन लागत नाही, नाहीतर तिने तेव्हाच कळवलं असतं. तिने पाना काढला. देवघरापाशी गेली. करंड्यातलं कुंकू ओल्या बोटावर घेऊन पुसलेल्या जागी पुन्हा लावलं. डोळे मिटून क्षणभर उभी राहिली. मग बाहेर आली.

"अहो, हा माझ्यामुळे राहिला. मी काढला होता थैलीतून."

नंदकिशोरांनी वर पाहिलं.

"मामंजींचा पाना. पूजेतून इतक्या लगेच उचलणं मनाला बरं वाटेना, म्हणून देवापाशी परत ठेवला. सांगायचं राहून गेलं. चुकलंच माझं."

ते पान्याकडे बघत राहिले. कुंकू ओलं होतं. हळूहळू त्यांच्या मानेवर, मग गालावर रंग चढला.

"माझ्या पान्याक हात कित्याक लावलंस?" ते कडाडले. रागावले की ते थेट मालवणीत जातात. "चवथीक, दसऱ्याक, कधीच माझ्या थैलीक हात लावूचो नाय! जीव गेलो असतो आमचो!"

"नाही लावणार," जयंती मान खाली घालून म्हणाली.

इतका गोड राग मी कधी ऐकला नव्हता. ते बोलत राहिले, येरझाऱ्या घालत राहिले, आणि दर वाक्याला त्यांचा आवाज भरत गेला. मग त्यांनी पाना पुसला, माझ्या दुसऱ्या कप्प्यात सरकवला आणि अबोलीकडे हात पुढे केला. तिने किल्ली परत दिली.

जेवायला ताटं घेताना अबोलीने चमच्यांचा कप्पा उघडला. चमच्यांना काळं तेल लागलेलं होतं. ती एक क्षण आईकडे बघत राहिली, आणि मग तिने ते चमचे गुपचूप घासून ठेवले.

आता शनिवारी दुपारी मला तिघं मिळून भरतात. जयंतीने शिकायचा हट्ट धरलाय. ती मुद्दाम चुकीचे नंबर सांगते, म्हणजे नंदकिशोर हसून दुरुस्त करतात. कधीकधी ते मध्येच थांबतात, हातातल्या वस्तूकडे अनोळखी नजरेने बघतात. तेव्हा त्या दोघी घाई करत नाहीत. मी पण कप्पे उघडे ठेवून वाट बघते. माझ्या कडा पुन्हा विरायला लागल्यात, शिलाई सैल झालीय. आणखी किती दसरे माझ्या वाट्याला आहेत, किंवा त्यांच्या, कुणास ठाऊक.

तुम्ही कधी चारकोपला आलात आणि आवारात जीपपाशी बसलेले नंदकिशोर दिसले, तर थांबा त्यांच्यापाशी. ते तुम्हाला हा किस्सा नक्की सांगतील, बायकोची तक्रार करत, मोठ्या रंगात. तेव्हा माझं नाव काढू नका. हसा, मान हलवा. मला कुणी साक्षीला बोलावलं तर मीही तेच सांगेन, की पाना जयंतीनेच काढला होता.