आबा : बाहेर

मित्रांनो, तुम्ही असे जवळ येऊन माझ्याकडे निरखून पाहू लागलात, की मला आधी शंका येते. यांना माझ्याकडून काय हवे असेल? रागावू नका. मी एक जुना ई-रीडर आहे, पुस्तके वाचायची पाटीच म्हणा ना. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे लागते, तसे माझे झाले आहे.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्या पडद्यात काळे-पांढरे बारीक कण आहेत. वीज मिळाली की ते सरकतात आणि अक्षरे होतात. एकदा उमटलेले अक्षर टिकवायला मात्र मला वीज लागत नाही. वीज तुटली तरी शेवटचे पान माझ्या चेहऱ्यावर तसेच राहते. कारखान्यात याच गुणाचे भारी कौतुक झाले होते. पुढे त्यानेच घात केला.

मला विकत घेतले ते चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईने. गिऱ्हाईक नसले की ती मला नाकाशी धरून वाचत बसे. तिच्या अंगठ्याने माझ्या कडेचा रंग गेला, पण मला त्याचे दुःख नव्हते. मग तिच्याकडे मोठा फोन आला आणि मी टेबलाच्या खणात गेलो, संपलेले सेल आणि सुतळीच्या गुंड्यांच्या शेजारी. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण मी तिथे नीट शिकलो.

एके दिवशी तिच्या नवऱ्याने खण उघडला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याने माझ्यावरची धूळ फुंकली, मला हातात घेऊन गोंजारले. माझ्या मनात पाल चुकचुकली. एकदम एवढी माया कशाला? तेवढ्यात त्याने पेचकस काढलाच. माझी फुगलेली बॅटरी काढून टाकली, वायर थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडली आणि लाकडी चौकटीत बसवून मला स्वयंपाकघराच्या दाराशी टांगले. आता मी हवामान सांगू लागलो, पुढची बस कधी आहे ते सांगू लागलो. येणारे-जाणारे वाहवा करत. खोटे कशाला बोलू, मला बरे वाटत होते.

पण सगळ्यात खाली एक ओळ होती : ‘आबा : घरी’. ती मला पहिल्यापासून खटकत होती.

आबा म्हणजे त्याचे वडील, निवृत्त तिकीट तपासनीस. मागे एकदा ते वाट चुकले आणि कोणा अनोळखी माणसाने त्यांना घरी आणून सोडले. मुलाने त्याची धास्ती घेतली. त्याने आबांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक चपटे बटण अडकवून दिले. किल्ल्या घराबाहेर गेल्या की मी ‘बाहेर’ लिहायचे, परत आल्या की ‘घरी’. आबांना मात्र कोणी काही सांगितले नाही.

ज्याने जन्मभर लोकांची तिकिटे तपासली, त्याला फसवणे सोपे नसते. आबा चष्मा लावून माझ्या चौकटीमागे डोकावत.

“हे माझ्यावर पाळत ठेवतंय,” ते म्हणत.

“नाही हो आबा, नुसतं हवामान सांगतं ते,” मुलगा म्हणे.

“हवामानाला माझं नाव कशाला लागतं?”

यावर मुलगा हसून विषय बदलत असे. माझा मात्र आबांवर जीव जडत चालला होता. संशयी माणसाला संशयीच ओळखतो.

एका दुपारी शेजारच्या शिंपीणकाकू बाजारात निघाल्या होत्या, संध्याकाळीच परतणार होत्या. आबांनी ते जुडगे त्यांच्या पिशवीत टाकले. “जरा फिरवून आणा. एक गंमत बघायची आहे,” ते म्हणाले. मग हात मागे बांधून माझ्यासमोर उभे राहिले. थोड्या वेळाने माझा पडदा लुकलुकला आणि ओळ बदलली : ‘आबा : बाहेर’.

“सापडलास,” आबा म्हणाले. पण चोर पकडल्याचा आनंद काही दिसला नाही. त्यांचा चेहरा पार उतरला. “विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं का?”

त्यांनी रागाने माझी वायर ओढून काढली. अक्षरे गेली नाहीत. त्यांनी मला टिचकी मारली, थोडे थांबले. “वायर काढली तरी खोटं बोलतोच आहे,” असे पुटपुटत ते अनवाणीच मागच्या गॅलरीत जाऊन बसले. वाऱ्याने दार धाडकन लागले आणि आतला खटका पडला.

आबांनी दार वाजवले, हाका मारल्या. खाली रस्त्याचा गोंगाट, समोर नव्या इमारतीत ड्रिल चाललेले आणि गॅलरीत भर दुपारचे ऊन. थोड्या वेळाने मुलगा कामावरून आला. त्याने माझ्याकडे नजर टाकली, “आबा बाहेर गेलेत वाटतं,” असे म्हणाला आणि पंखा लावून आडवा झाला. बाप-लेकात दोन भिंतींचे अंतर होते. मित्रांनो, खोटे आहे हे, असे ओरडावेसे वाटत होते. पण विजेवाचून मला एक अक्षरही बदलता येईना.

संध्याकाळी बाई घरी आली. चपला काढता काढता थबकली.

“आबा कुठं आहेत?”

“बाहेर. भिंतीवर लिहिलंय ना.”

“त्यांच्या चपला तर इथंच आहेत.” ती माझ्याजवळ आली, पूर्वी वाचायची तितकी जवळ. “अरे, ही बस तर दुपारची आहे.” तिचा हात चौकटीवरून खाली गेला आणि लोंबणारी वायर त्याला लागली. मग ती धावलीच.

आबा भिंतीला टेकून बसले होते. ओठ सुकलेले, चेहरा लालबुंद. मुलाने पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला.

“मला भीती वाटत होती, आबा. तुम्ही वाट चुकलात तेव्हापासून कामात लक्ष लागत नाही माझं.”

“मग हे मला सांगायचं,” आबा म्हणाले. “भिंतीला काय सांगतोस?”

ती ओळ आता माझ्यावर नाही. बटण मात्र आबांनी स्वतःच पुन्हा जुडग्यात अडकवून घेतले, वाट चुकलो तर मुलाला फोनवर शोधता यावे म्हणून.

मित्रांनो, जुनी वस्तू खणात कुजवू नका, तिला काम द्या. बसची वेळ मला खुशाल विचारा, आणि माझी वायर जागेवर आहे ना, तेही बघा. पण घरच्या माणसाची खबर त्या माणसालाच विचारा.

आता मुलगा संध्याकाळी आला की माझ्याकडे न बघता आधी हाक मारतो, “आबा, घरात आहात ना?” आबांना हाक स्वच्छ ऐकू येते. तरी मुलगा खोलीत येऊन बघेपर्यंत ते ओ देत नाहीत.