छापलं की पुसलं

बडबड्याने नको तो शहाणपणा केला होता. वर्गात सरकारविरुद्ध बोलल्या म्हणून त्याच्या प्राध्यापक बाईंना घरी बसवलं, तर याने ‘बाईंना परत घ्या’ अशी पत्रकं काढली. तीही विद्यापीठाच्याच प्रिंटरवर, ताईचं कार्ड लावून! स्वतःचं हरवलं होतं ना. ताई तिथेच डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला.

आज सरकारी चौकशीवाले थेट प्रिंटरच्या खोलीत आले. बडबड्याने ते दाराबाहेरून पाहिलं. यात ताईचं नाव निघालं तर तिची डॉक्टरकी गेलीच की!

तो धावत आत घुसला. "मॅडम, ते मी..."

"रांगेत उभा राहा!" प्रिंटर सांभाळणाऱ्या मॅडम खेकसल्या. "मध्ये तोंड घालायची खोडच आहे तुला."

चौकशीवाल्या साहेबांनी विचारलं, "ती पत्रकं कोणाच्या कार्डावर निघाली?"

"काय माहीत! कागद बाहेर पडला की मशीन मजकूर पुसतं, कार्डाची नोंदही पुसतं. पहिल्यापासून तसंच ठेवलंय मी."

"का?"

"अहो, कोणी तब्येतीचे रिपोर्ट छापतं, कोणी प्रेमपत्र. मला कशाला हव्यात नसत्या चांभारचौकशा?"

साहेबांच्या माणसाने मशीन उलटंपालटं करून पाहिलं. "काहीच नाही, साहेब."

"यापुढे सगळं साठवायचं," साहेब गुरगुरले.

"कोर्टाचा हुकूम आणा, मग बघू."

बडबड्याला आठवलं, गेल्या वर्षी त्याचा प्रोजेक्ट उडाला तेव्हा मशीनमधून परत काढून द्या म्हणून तो याच मॅडमशी कडाकडा भांडला होता. "कसलं हो तुमचं बिनडोक मशीन!" आता त्याच मशीनला मिठी मारावीशी वाटली.

साहेब गेले. "मॅडम, तुमचे उपकार कसे..."

"गप्प बस. मला काही ऐकायचं नाहीये."

बाहेर त्याने ताईला सगळं सांगून टाकलं. पाठीत सणसणीत धपाटा बसला. "गाढवा, आधी माझं कार्ड दे!" मग ती हळूच म्हणाली, "लिहिलं छान होतंस रे. पण खाली नाव का नाही टाकलंस?"

बडबड्याने तिचं कार्ड तिच्या हातावर ठेवलं.

मग त्याने स्वतःचं नवं कार्ड काढलं आणि पत्रक पुन्हा छापलं. खाली ठळक अक्षरात स्वतःचं नाव. पहिला कागद मॅडमच्या हातात ठेवला.

मॅडमनी चष्मा चढवला. "तू दिलास म्हणून वाचते हं," म्हणाल्या, आणि अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत राहिल्या.