एक इंच सोडून

मित्रांनो, मी एक जुनी फूटपट्टी आहे. लाकडी, चार घड्यांची, पितळी बिजागऱ्यांची. उलगडली की दोन फूट, मिटली की खालिदभाईंच्या शर्टाच्या खिशात. भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागे त्यांचं सुतारकामाचं दुकान आहे. तिथे तीस वर्षं मी कपाटं मोजली, पलंग मोजले, दारं मोजली.

वापरून वापरून माझं एक टोक झिजलं. खालिदभाईंनी मला टाकून दिलं नाही, फक्त एक रीत घालून घेतली. टोकापासून मोजायचं नाही. एकच्या खुणेपासून मोजायचं आणि आलेल्या मापातून एक इंच वजा करायचा. "हिच्या पहिल्या इंचाचा भरवसा नाही," असं ते माझ्यासमोरच म्हणत. मला फार लागायचं ते. पण सांगणार कोणाला?

त्यांची मुलगी यास्मिन लहानपणापासून याच रीतीने मोजायला शिकली. पुढे ती आर्किटेक्चरला गेली आणि एका सत्रासाठी पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात शिकायला निघाली. बॅग भरताना खालिदभाईंनी मला तिच्या कपड्यांत खोचलं.

"अब्बा, तिथे लेझरने मोजतात."

"मोजू देत की. सेल संपले की हिला काढ."

सेल संपायची वाट तिने पाहिलीच नाही. सुट्टी मिळाली की स्वस्तातली बस पकडून ती गावोगाव हिंडायची आणि जिथे जाईल तिथे मला उलगडायची. लिस्बनच्या चढावरची पायरी, सेव्हिलच्या एका अंगणातला ओटा, कुठल्याशा चर्चमधला गुळगुळीत बाक. "पायरी साडेपाच इंचांचीच! म्हणून इथल्या आजीबाई न थांबता चढतात," असं ती वहीत लिहायची. इतके लाड माझे पुण्यात कधी झाले नव्हते, खरं सांगते.

मग ती खिडकी आली. एका वृद्ध बाईंच्या स्वयंपाकघरातल्या छोट्या खिडकीला लाकडी झडप हवी होती. ती विद्यार्थ्यांनी स्वतः बनवून बसवायची आणि त्यावर सत्राचे गुण ठरायचे. यास्मिनच्या जोडीला तिच्याच कॉलेजातला, कर्वेनगरचा केदार होता. त्याने मला घेऊन खिडकीची रुंदी मोजली आणि चिठ्ठीवर लिहिलं, अठरा इंच एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे यास्मिननेच त्याला शिकवलं होतं. यास्मिनने सवयीने त्यातून एक इंच वजा केला आणि लाकूड कापलं. पण घरची रीत केदारला कुठे ठाऊक? त्याने आपलं सरळ टोकापासून मोजलं होतं.

झडप बसवायला गेले, तर कडेने ऊन आत! बाईंनी त्या फटीत एक बोट घालून पाहिलं आणि कॉफी ठेवायला गेल्या.

"यार, मी नीट मोजलं होतं गं," केदार रडवेला झाला. "परवा सबमिशन आहे. आता नवीन लाकूड कुठून आणायचं?"

यास्मिनने चिठ्ठी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "तू बरोबरच मोजलंस. मीच तुला सांगितलं नाही." तिने मला मिटून बॅगेच्या तळाशी टाकलं. आपल्यामुळे पोरीचं सत्र बुडणार, या विचाराने मी तिथे अर्धमेली झाले होते.

दुपारी तिने घरी फोन लावला. "अब्बा, झडप उणी पडली. सुताराची मुलगी आणि माप चुकलं!"

"रडतेस काय, बेटा? कडेला जोड दे. वेगळ्या रंगाच्या लाकडाचा दे, लपवत बसू नकोस. किती उणी आहे?"

तिने मला पुन्हा बाहेर काढलं, मधल्या खुणा धरून फट मोजली. "सात सूत."

"आठ असतील. नीट बघ."

"सातच आहेत, अब्बा."

फोनवर खालिदभाई हिशोब पुटपुटू लागले. इंच म्हणजे आठ सूत. यास्मिनने आठ वजा केली आणि झडप उणी पडली सातच. राहिलेलं एक सूत टोकापासून मोजताना केदारच्या मापात जास्तीचं आलं होतं. तेवढीच मी झिजले होते.

"तीस वर्षांत एकच सूत?" ते हळूच म्हणाले. "आणि मी तिचा सगळा इंच सोडत आलो!"

मित्रांनो, मला डोळे असते तर मी तेव्हा रडले असते.

अक्रोडाच्या गडद लाकडाचा जोड देऊन झडप बसली. तपासायला आलेल्या सरांनी जोडावरून बोट फिरवत विचारलं, तेव्हा यास्मिनने काहीही न लपवता सगळं सांगितलं. गुण बरे पडले. बाईंनी झडप चारदा उघडून मिटून पाहिली आणि दोघांना केक खाऊ घातला.

आता मी पुन्हा भवानी पेठेत, खालिदभाईंच्या खिशात आहे. ते अजून एकच्या खुणेपासूनच मोजतात, इतक्या वर्षांची सवय कशी सुटणार? पण भरवशाचं ते वाक्य त्यांनी सोडलं आहे. "युरोप बघून आलीय ती," असं ते गिऱ्हाइकांना सांगतात.

तुमच्याही घरात माझ्यासारखं जुनं कोणीतरी असेल. त्याला दुसऱ्याच्या हाती देताना त्याची खोड तेवढी सांगून ठेवा. आणि कधीतरी नीट मोजूनही पाहा. एक सूत झिजलेल्याला अख्ख्या इंचाने उणं धरू नका.