दुसरा चमचा

आमच्या मोठ्या शेफचा एक नियम होता: सॉसचं पातेलं दोघांनी चाखल्याशिवाय पुढे जायचं नाही. एक चमचा बनवणाऱ्याचा, दुसरा शेजारच्याचा. बाकीचे नियम आम्ही धाब्यावर बसवायचो, पण हा नाही. शेफचा हात फार लवकर उठायचा.

सॉस वहिनी बघायची. वहिनी ती खरं तर एकीचीच, शेजारी सॅलडच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या तिच्या नणंदेची. पण ती बाई दिवसभर "वहिनी, वहिनी" करायची, म्हणून ती सगळ्या किचनची वहिनी झाली. तिच्या हाताला अशी चव, की शेफसुद्धा तिच्याशी आवाज खाली ठेवून बोलायचा.

मग तिला ताप आला. ताप उतरला, पण जिभेची चव गेली ती गेलीच. साखर काय नि मीठ काय, तिला सगळं सारखंच. हे तिने फक्त नणंदेला सांगितलं, हातापाया पडून. नणंद म्हणाली, "अगं, मी आहे ना!" तेव्हापासून वहिनी चमचा तोंडात घालायची ती नुसती दाखवायला. खरी चव नणंद घ्यायची. तिने मान हलवली की सॉस झाला, टोपीला हात लावला की अजून मीठ. आम्हाला याचा गंधही नव्हता, नंतर सगळं कळलं.

अशात शेफच्या हाताखालची जागा रिकामी झाली. "वहिनीलाच देतो," शेफ म्हणाला, "ही मोठी पार्टी पार पडू दे फक्त." सगळ्यात जोरात टाळ्या नणंदेने वाजवल्या.

पार्टीच्या दिवशी सॉस आटून दाट झाला होता. मीठ पडलेलंच होतं. नणंदेने चाखलं आणि टोपीला हात लावला. वहिनीने मीठ घातलं. पुन्हा चमचा, पुन्हा टोपी. मग आणखी एकदा. वहिनीने बिनधास्त मूठ सोडली.

प्लेटा तशाच्या तशा परत आल्या.

शेफने सॉस जिभेला लावला आणि थुंकला. नणंदेने त्याच्या कानात सांगितलं, वहिनीला चवच कळत नाही, माझंही ऐकलं नाही. मग सॅलडच्या टेबलावर, नणंदेच्या नाकासमोर, त्याने दोन वाट्यांत पाणी घेतलं. एकीत मीठ ढवळलं, एकीत साखर. वहिनीला तोवर भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं.

"घे. खारट कुठलं, सांग."

वहिनीने दोन्ही वाट्या चाखल्या. डावीवर बोट ठेवलं आणि नणंदेकडे पाहिलं. एवढं होऊनही तिच्याचकडे. दुसरं होतं कोण तिला?

नणंदेने मान हलवली.

"ही," वहिनी म्हणाली.

ती साखरेची होती. आम्ही पोट धरून हसलो. इतके नालायक होतो आम्ही.

जागा नणंदेला मिळाली. वहिनी आता कोपऱ्यात कांदे सोलते. जीभ गेलेल्या बाईला दुसऱ्या किचनमध्ये कोण उभं करणार? सॉसही आता नणंदच बघते आणि नियम अजून तोच आहे. भर गर्दीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं ती हाक मारते, "वहिनी, ये गं. दुसरा चमचा तुझा."

आम्ही हातातलं काम थांबवतो. वहिनी ॲप्रनला हात पुसत येते, चमचा तोंडात घालते, गिळते.

"छान झालाय, वन्सं," ती म्हणते.