मावशीचा गोल दिवा

एरंडेलात भिजवलेला पंचा ताईच्या कमरेपासून मांड्यांपर्यंत गुंडाळून, त्यावर प्लास्टिकची पिशवी करकचून बांधून आईने तिला गॅलरीत उन्हात बसवलं, त्या दिवशी पिपाणीने जाहीर केलं की आपण आजपासून या घरात जेवणार नाही.

"शी! कुणीतरी जुनी चप्पल तळतंय असा वास येतोय."

"नाक दाब आणि अभ्यासाला बस," आई म्हणाली.

"नाक दाबलं तर तोंडात जातो तो!"

घरात सगळ्यांत मोठा आवाज तिचा, म्हणून ती पिपाणी. पूर्वी कुणी अशी हाक मारली की ती रडून घर डोक्यावर घ्यायची. यंदा शाळेच्या वादविवादात तिने समोरच्या गटाची बोलती बंद केली आणि तेव्हापासून ती स्वतःच ऐटीत सांगत सुटली होती, "मी पिपाणी." त्यामुळे एरंडेलावरचं तिचं मत शेजारच्या इमारतीलाही कळलं.

एरंडेलाआधी अंडी झाली होती. अंड्याचा पांढरा बलक ताईच्या पोटावर वाळून पापुद्र्यासारखा सुटायचा, आणि ते पापुद्रे पिपाणीला एकदा चक्क सोफ्यावर सापडले. त्याआधी कॉफीचा चोथा. त्याने बाथरूमची मोरी तुंबली, ती उपसायला पिपाणीला लावलं, आणि त्या काळ्या लगद्यात केसांचा गुंता हाताला लागला तेव्हा सकाळचा चहा वर येता येता राहिला.

हे सगळं कशासाठी, तर रेषांसाठी. टिल्लूच्या जन्मानंतर ताईच्या पोटावर, कमरेवर आणि मांड्यांवर जांभळट, चकाकणाऱ्या रेषा उमटल्या होत्या. ओल्या भिंतीवरून गोगलगायी फिरून जाव्यात तशा. पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा पिपाणीच्या तोंडून "ई!" निघून गेलं होतं. ताईने फक्त टॉवेल ओढून घेतला. त्या 'ई'बद्दल पिपाणीला स्वतःचीही किळस आली, पण निघालेला आवाज परत गिळता येत नाही.

भाऊजी दर रविवारी परगावाहून फोनवर म्हणायचे, "मला काही फरक पडत नाही गं."

"तुमच्यासाठी कोण करतंय?" ताई फटकन म्हणायची.

खरंच त्यांच्यासाठी नव्हतं. ताई तरणतलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची. तिथे शिकवणाऱ्याने पाय झाकायचे नाहीत, असा कडक नियम होता, आणि तो ताईनेच आग्रहाने लावलेला. पाय गुडघ्यातून झाडायचा नसतो, खुब्यातून मारायचा असतो. ते तोंडाने सांगून कळत नाही. मुलं काठाला धरून बाईंच्या मांड्यांकडे बघतात आणि तसंच करतात. आता बाळंतपणाची सुट्टी संपत आली होती, सोमवारी कामावर जायचं होतं, आणि तलावाच्या साहेबांनी निरोप धाडला होता की झेपत नसेल तर तिकीट खिडकीवर एक जागा आहे.

"खिडकीच बरी," ताई म्हणाली होती. "बसून काम."

ताई आणि बसून! अर्ध्या गावाची पोरं जिने पाण्यावर तरंगती केली, ती काचेआड बसून तिकिटं फाडणार. पिपाणीला त्या एरंडेलापेक्षाही हा विचार जास्त घाण वाटला.

आधी ताई आणि पिपाणी टिल्लूला घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या. भिंग लावून बघितलं आणि म्हणाल्या, "अजून जांभळ्या आहेत. हळूहळू फिक्या पडतील, पांढुरक्या होतील. पूर्ण जात नाहीत. लेझर आहे, बारीक सुयांचा उपचार आहे, त्याने थोड्या बुजतात. कुणाला जास्त फरक पडतो, कुणाला कमी."

"आणि तेलं?" ताईने विचारलं.

"त्वचा मऊ राहील, खाज कमी होईल. रेषा जाणार नाहीत. क्रीम म्हणाल तर काही आहेत, पण बाळ अंगावर पितंय तोवर मी देणार नाही. बाहेरूनही कुणाचं घेऊ नका. डब्यात काय आहे ते कळल्याशिवाय तर नाहीच."

खरं सांगणाऱ्या माणसाचा राग येतो तसा ताईला आला. रिक्षात बसल्याबसल्या म्हणाली, "म्हणजे काही होणार नाही. एवढं सांगायला भिंग कशाला लागतं?"

आणि मग स्वारी मावशीकडे.

मावशीचं ब्युटी पार्लर बाजाराच्या गल्लीत होतं. आत पाऊल टाकलं की मेण, ॲसिटोन आणि जळक्या केसांचा वास एकदम घशात उतरायचा. एका खुर्चीत एक बाई तोंडाला हिरवा लेप फासून पडली होती आणि लेपाला पडलेल्या भेगांमधून समोसा खात होती. मेणाच्या पट्ट्या बादलीत केसांसकट चिकटून पडल्या होत्या. पिपाणीने टिल्लूला छातीशी धरलं आणि त्याच्या टाळूत नाक खुपसलं. दुकानात श्वास घेण्याजोगी तेवढीच जागा होती.

"या गं माझ्या सोन्यांनो!" मावशी ओरडली. पिपाणीचा आवाज कुणावर गेला, ते इथे कळायचं. "डॉक्टर काय म्हणाली? होत नाही ना? अगं, त्यांना होत नाही! ही भिंत बघ!"

भिंतीवर फोटोच फोटो होते. डोकं नसलेल्या पोटांचे, पाय नसलेल्या मांड्यांचे. प्रत्येकीचे दोन: 'आधी' आणि 'नंतर'. खाटकाच्या दुकानात मांडणी असते तशी. आधीच्या फोटोत नांगरलेलं शेत, नंतरच्यात दुधावरची साय.

"अंगावर पाजतेय मी अजून. चालेल ना?" ताईने विचारलं.

"काऽही होत नाही. माझ्यावर भरवसा नाही का तुझा?"

पडद्याआड ताईला पलंगावर आडवं केलं. मावशीने तिच्या मांडीवर कसलासा पिवळा लेप थापला. सडक्या लिंबाला औषधाच्या दुकानात कोंडून ठेवावं तसा त्याचा वास. मग म्हणाली, "पिपाणे, बाळाला पाळण्यात ठेव आणि तो दिवा धर. फोटो काढायचाय."

दिवा म्हणजे गोल कडं, मध्ये फोन अडकवायचा. लेप लावायच्या आधी मावशीने स्वतःच तो ताईच्या कुशीला, अगदी खाली आडवा धरून एक फोटो काढला होता. तेव्हा प्रत्येक रेषेची सावली पडली आणि मांडी सुकलेल्या नदीसारखी दिसली. आता लेप पुसून झाल्यावर मावशी म्हणाली, "आता समोर ये. वर धर. अजून वर. हां."

आणि रेषा नाहीशा झाल्या.

पिपाणीने दिवा चुकून जरा खाली केला. रेषा परत आल्या. वर केला. गेल्या.

"हात का हलवतेस? फोटो हलेल ना!"

"मावशी, हे तर..."

"तू गप्प बस. दोन्ही फोटो आजच काढून ठेवते मी. बायका नंतर येतच नाहीत ना दाखवायला!" मावशी हे इतक्या सहज म्हणाली, जसं काही दुकानाचं शटर लावायची पद्धत सांगत होती. लबाडी करतोय, हे तिच्या गावीही नव्हतं.

मग तिने फोन ताईसमोर धरला.

ताई कोपरावर उठून बसली. बघतच राहिली. फोटो बोटांनी मोठा केला, परत लहान केला. कित्येक महिन्यांत तिच्या चेहऱ्यावर नव्हतं ते हसू आलं. "अगंबाई! एकाच खेपेत?"

"मग! हा डबा घे, रोज लाव. सोमवारी तू पाण्यात, सांगते ना मी!"

"सोमवारी मी पाण्यात," ताई म्हणाली.

पिपाणीला बोलावं की नाही, तेच ठरवता येईना. वादविवादात असं कधी झालं नव्हतं. बोलावं तर हे हसू पुसलं जाणार. न बोलावं तर ताई खिडकीत बसणार नाही, पिपाणीला हवं होतं तेच होणार.

रस्त्यात ताई गाणं गुणगुणत होती. पिपाणीच्या डोळ्यांसमोर मात्र तलाव येत होता. तलावावर छप्पर, आणि मोठाल्या खिडक्या एका बाजूला. सकाळचं ऊन तिथून तिरपं, थेट पाण्याच्या काठावर येतं. म्हणजे मावशीचा 'आधी'वाला दिवा, आख्ख्या भिंतीएवढा. ताई काठावर उभी राहणार, स्वतःच्या मांड्यांकडे बघणार, आणि समोर पोरांची रांग.

घरी आल्यावर ताईने डबा उघडला. वर ना नाव, ना काही. एका हाताने टिल्लूला अंगावर घेत दुसऱ्या हाताचं बोट तिने त्यात बुडवलं, आणि पिपाणीने तो डबा हिसकावून घेतला.

"वेड लागलंय का तुला?"

"डॉक्टर काय म्हणाल्या विसरलीस? आणि एक मिनिट थांब. फक्त एक मिनिट. मग मला मार हवं तर." तिने फोनची बॅटरी लावली, ताईचा गाऊन गुडघ्यांच्या वर सरकवला आणि उजेड आधी वरून टाकला, मग बाजूने. मग परत वरून. पिपाणी बोलली नाही, ही या घरातली पहिलीच वेळ असेल.

ताईने स्वतः फोन हातात घेतला. वर. बाजूला. वर.

"तुला तिथेच कळलं होतं?"

"हो."

"मग तिथे का नाही बोललीस?"

"तू हसत होतीस."

ताईने फोन खाली ठेवला. ती रडेल असं पिपाणीला वाटलं, पण ताईच्या नाकपुड्या फुगल्या. "शी," ती म्हणाली. "शी, शी, शी! माझीच सख्खी मावशी. आणि मी दोन मिनिटांत बुद्धी गहाण टाकली. सडक्या लिंबासाठी!" तिने बोट टॉवेलला खसाखसा पुसलं, मग साबणाने धुतलं, मग परत धुतलं. "चल."

"कुठे?"

"माझी मांडी भिंतीवर लागायच्या आत."

त्या पोचल्या तेव्हा मांडी भिंतीवर लागलेली होती. अजून ओल्या डिंकाची. ताईने ती सर्रकन उपटली आणि फोटोबरोबर भिंतीचा रंगही निघाला.

"अगं, माझी भिंत!" मावशी कळवळली.

"माझी मांडी! फोनमधला पण पूस. माझ्यासमोर."

"सगळेच असं करतात गं. एवढं काय मनाला लावून घेतेस? तुलाच बरं वाटलं ना?"

"वाटलं. म्हणूनच घाण वाटतंय." ताईने तो बिननावाचा डबा मावशीच्या हातात कोंबला. "आणि हे अंगावर पाजणाऱ्या बाईला परत दिलंस, तर आईलाच घेऊन येईन इथे."

आईचं नाव निघाल्यावर मावशीने मुकाट्याने फोटो पुसला. थोरल्या बहिणीला ती अजूनही टरकून होती. खुर्चीतल्या एका गिऱ्हाइकाने हळूच उठून भिंतीवरच्या 'आधी' आणि 'नंतर'वर आपल्या मोबाइलचा उजेड टाकून बघायला सुरुवात केली.

सोमवारी सकाळी पिपाणी शाळेला उशीर करून तलावावर गेली. ताई खिडकीत बसलेली दिसली तर काय बोलायचं, याचं तडाखेबंद भाषण तिने तयार ठेवलं होतं. खिडकीत दुसराच कुणीतरी जांभया देत होता.

ताई काठावर होती. निळा आखूड पोशाख, उघडे पाय, बाजूने तिरपं ऊन. रेषा अन् रेषा मोजता आली असती. रांगेतली एक शेंबडी मुलगी बोट दाखवून म्हणालीच, "ई, बाई, हे काय झालंय तुम्हाला?"

पिपाणीने भाषणासाठी तोंड उघडलं.

"बाळ झालं," ताई म्हणाली. "कातडी ताणली गेली. मलाही नाही आवडत. नाक पूस आणि काठ धर."

मुलीने नाक पुसलं, ते हाताने, आणि हात तलावाच्या पाण्यात बुडवला. ताईचं तोंड असं काही वाकडं झालं की पिपाणी खिदळलीच. मग ताई काठाला धरून पाण्यात आडवी झाली आणि खुब्यातून पाय मारायला लागली. पोरांची रांगच्या रांग त्या मांड्यांकडे डोळे फाडून बघत, पाणी उडवत, तसंच करायला लागली.