मोतीबिंदूच्या मागे

इंदिराबाईंनी अंगणवाडीत तीस वर्षं काढली होती. रावेर तालुक्यातल्या त्यांच्या गावात कोणाला धुरकट दिसू लागलं, की तो आधी त्यांच्या ओट्यावर येई. त्या पापणी वर करून बघत आणि सांगत, "मोतीबिंदू आहे. अजून पिकला नाही. घाई करू नका."

त्यांचा नवरा नवल केळीचे घड कापायचा. पासष्टी ओलांडल्यावर तो डाव्या बाजूनं दारावर, खांबावर आदळू लागला. एकदा बाजूनं आलेला ट्रॅक्टर त्याला दिसलाच नाही. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला म्हणून वाचला. मग गावच्या डोळ्यांच्या शिबिरात डॉक्टरनं चिठ्ठी लिहून दिली: दाब जास्त, जळगावला लगेच दाखवा.

इंदिराबाईंनी ती वाचली. "दाब म्हणजे बीपी. त्याची गोळी चालूच आहे तुमची."

"जाऊन तर येऊ," नवल म्हणाला.

"मग मी इतकी वर्षं काय बघितलं? मोतीबिंदू कच्चा आहे म्हणून परत पाठवतील. पिकू द्या."

नवलला सहीपुरतंच लिहिता येत होतं. त्यानं चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

दोन वर्षांनी त्याला अंगणसुद्धा दिसेना, तेव्हा त्यांची मुलगी संघमित्रा दोघांना जळगावच्या दवाखान्यात घेऊन गेली. आधी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. नवलनं डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. समोर नुसता उजेड होता. त्यात माणूस नव्हतं.

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या. "बाबा, मोतीबिंदू नीट निघाला. पण त्याच्या मागे काचबिंदूही होता. डोळ्यातला दाब वाढून आतली नस सुकली. ती परत येत नाही. उजव्या डोळ्याचंही कडेचं गेलंय. राहिलंय तेवढं टिकवायचं तर थेंब जन्मभर घालायचे, एकदाही चुकवायचे नाहीत."

"दोन वर्षांआधी आलो असतो तर?"

"बरंच वाचलं असतं."

"चिठ्ठी मिळाली होती मला," नवल म्हणाला.

"कसली चिठ्ठी?" संघमित्रानं आईकडे पाहिलं.

"मला वाटलं, बीपी..." इंदिराबाई म्हणाल्या.

गावी परतल्यावर दोनच दिवसांत शेजारच्या भिकुबाई ओट्यावर आल्या. "अक्का, पिकला का बघ ना माझा."

"मला नाही कळत. उद्याच जळगावला जा."

भिकुबाई हसल्या. "अगं, तूच तर म्हणालीस, घाई करू नको!"

त्या गेल्या, तरी इंदिराबाई तिथेच बसून राहिल्या. असं किती जणांना सांगितलं, ते त्यांना आठवेना. मागच्या आळीतली ताईबाई आठवली; तिलाही त्यांनी थांबायलाच सांगितलं होतं. शेवटची तीन वर्षं ती भिंत चाचपत चालायची. तिला कोणीच कुठे नेलं नव्हतं.

संध्याकाळी त्या थेंबांची बाटली घेऊन नवलजवळ गेल्या. "मान वर करा."

"दे इकडे."

"तुम्हाला जमायचं नाही."

"दे म्हटलं ना."

त्यानं मान वर करून बाटली दाबली. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा कानाकडे ओघळला, तिसरा कसाबसा डोळ्यात गेला. इंदिराबाई पदर पुढे करून उभ्या होत्या.

"पुसू का?"

"मला पुसता येतं," नवल म्हणाला आणि त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं.